न आलेल्या ओझ्याची जागा

रिकामा पिकअप ट्रक बाजूने नीट पाहिला तर तो थोडा ओणवा उभा असल्यासारखा दिसतो. तोंड खाली, मागचा भाग वर. अमेरिकेतल्या कुठल्याही मोठ्या दुकानाच्या पार्किंगमध्ये असे ट्रक रांगेने उभे असतात आणि त्यांतल्या बहुतेकांच्या हौद्यात त्या क्षणी काहीच नसतं. फार तर एखादी ताडपत्री, किंवा कुत्रा.

हे ओणवेपण कारखान्यातूनच ठरवून आलेलं असतं. मागच्या एक्सलवर दोन्ही बाजूंना पोलादी पाट्यांची चळत असते. आपल्याकडे ट्रकला असतात तेच पाटे, फक्त थोडे कमी. हौद्यात माल पडला किंवा मागे ट्रेलर जोडला की पाटे दबतात, मागचं अंग खाली येतं आणि ट्रक सपाट होतो. म्हणजे हा प्राणी सरळ दिसतो तो ओझ्याखाली. एरवी चाकाच्या वर जी वीतभर पोकळी दिसते, ती न आलेल्या ओझ्यासाठी राखून ठेवलेली जागा असते.

काही लोकांना ही पोकळी बघवत नाही. त्यांना ट्रक खाली हवा असतो, रस्त्याला चिकटलेला, लांबट, आडवा. इथपर्यंत ठीक आहे, हौसेला मोल नसतं. पण त्यांच्यातल्या काहींची मागणी यापुढे जाते. मागचा भाग खाली आला पाहिजे आणि तरी ट्रेलर ओढता आला पाहिजे. उन्हाळ्यात बोट तळ्यावर न्यायची असते, कुणाचा बागकामाचा धंदा असतो आणि गवत कापायची यंत्रं रोज ओढायची असतात, कुणाला शर्यतीची जुनी गाडी ट्रॅकपर्यंत न्यायची असते. हे ऐकून गॅरेजवाला हमखास हसतो आणि म्हणतो, दोन्हीपैकी एक ठरवा.

त्या हसण्यात बराच शहाणपणा आहे, पण मला ते पुरेसं वाटत नाही. ‘दोन्हीपैकी एक’ हे उत्तर आपल्याला इतक्या ठिकाणी मिळतं की ते खरं आहे की नुसतं सोयीचं, हे तपासायचं राहूनच जातं. शिवाय या यांत्रिक हट्टाच्या पोटात एक प्रश्न आहे आणि तो ट्रकपुरता नाही: जे ओझं आज अंगावर नाही, त्याच्यासाठी आज आपण किती वाकून उभं राहायचं?

आधी गाडी खाली करण्याच्या हौसेबद्दल थोडं, कारण तिच्याकडे नुसती पोरकट हौस म्हणून पाहिलं तर पुढचं सगळंच फुकट जाईल. दुसऱ्या महायुद्धानंतर लॉस एंजेलिस आणि आसपासच्या भागातल्या मेक्सिकन-अमेरिकन पोरांनी जुन्या स्वस्त गाड्या घेऊन त्या खाली बसवायला सुरुवात केली. गोऱ्या पोरांचा हॉट-रॉड वेगासाठी असायचा, यांची लोरायडर सावकाश जाण्यासाठी. रविवारी संध्याकाळी धुतलेली, चमकवलेली गाडी घेऊन चालण्याच्या वेगाने मोहल्ल्यातून जायचं. बघा, आम्ही इथे आहोत आणि आम्हाला घाई नाही. स्प्रिंगा कापायला पैसे नसले तर डिकीत वाळूची पोती टाकत. गाडी भरलेली असल्यासारखी खाली बसे. मला हा तपशील फार आवडतो. पिकअप न आलेल्या ओझ्याची वाट बघत वर उभा असतो, आणि इथे गाडी खोटं ओझं वाहून खाली बसायची, केवळ दिसण्यासाठी.

१९५०च्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियाने कायदा केला की गाडीचा कुठलाही भाग चाकाच्या रिमच्या तळापेक्षा खाली असता कामा नये. त्याच सुमारास रॉन अगीरे नावाच्या तरुणाने आपल्या १९५७च्या कॉर्व्हेटला विमानात वापरतात तसले हायड्रॉलिक पंप बसवले. पोलीस दिसला की कळ दाबायची, गाडी वर. पोलीस गेला की पुन्हा खाली. पुढे लोरायडर गाड्या ज्या उड्या मारताना आपण व्हिडिओंमध्ये बघतो, त्यांचं मूळ कायद्याला हुलकावणी देण्याच्या या युक्तीत आहे. अखेर २०२३मध्ये कॅलिफोर्नियाने ती उंचीची अट आणि शहरांनी घातलेल्या क्रूझिंगवरच्या बंद्या रद्द करणारा कायदा केला, तो १ जानेवारी २०२४पासून लागू झाला. साठेक वर्षं एका समाजाच्या सौंदर्यदृष्टीला वाहतुकीचा गुन्हा मानलं गेलं. तेव्हा ‘गाडी खाली कशाला करायची?’ या प्रश्नाला ‘सुंदर दिसते म्हणून’ हे उत्तर पुरेसं आहे, असं मी धरून चालतो.

१९८०च्या दशकात ही हौस छोट्या जपानी पिकअपपर्यंत आली आणि मग मोठ्या अमेरिकी ट्रकपर्यंत. इथे मात्र गोष्ट बदलली. मोटार खाली केली तर तिचं मोटारपण जात नाही, ती माणसं नेतच राहते. पिकअप मात्र ओझ्यासाठी जन्माला आलेला असतो.

इमॅन्युएल कांटने १७९०च्या ‘क्रिटिक ऑफ जजमेंट’मध्ये सौंदर्याचे दोन प्रकार केले आहेत. एक मोकळं सौंदर्य, फुलाचं किंवा पक्ष्याच्या पिसांचं. ते पाहताना ही वस्तू कशासाठी आहे हे माहीत असण्याची गरज नसते. दुसरं बांधील सौंदर्य, घोड्याचं किंवा इमारतीचं. ती वस्तू काय असायला हवी याची कल्पना मनात असल्याशिवाय त्या सौंदर्याचा निवाडा होत नाही. एखाद्या इमारतीवर डोळ्यांना सुखावणारं खूप काही चढवता येईल, पण ती चर्च असेल तर सगळंच चालत नाही. कांटची ही विभागणी पुढे अनेकांनी उलटसुलट केली. गॅरेजमध्ये मात्र ती जशीच्या तशी लागू पडते. शोसाठी जमिनीला टेकवलेला ट्रक, ज्याच्या हौद्यात पंप, टाक्या आणि आरशासारखे पॉलिश केलेले नळ असतात, तो मोकळ्या सौंदर्याकडे गेला. त्याने ट्रक असणं सोडलं, पण त्याने कुणाला फसवलेलं नाही. त्याच्याकडे पाहून कुणीही म्हणणार नाही की जरा माझं कपाट टाकतोस का मागे.

आमचा गृहस्थ मात्र हट्टी आहे. त्याला बांधील सौंदर्यच हवंय. ट्रक राहून सुंदर. हा हट्ट मला जास्त सभ्य वाटतो आणि त्याची किंमतही जास्त आहे. ती कुठे कुठे मोजावी लागते ते पाहू.

सगळ्यात स्वस्त मार्ग म्हणजे चळतीतला एक पाटा काढून टाकायचा. ट्रक लगेच खाली येतो, आणि पाट्यांची ताकदही तेवढी जाते. त्याहून वाईट म्हणजे पाटे तापवून सरळ करणं. पोलादाचं पाणी जातं आणि एखाद्या दिवशी खड्ड्यात पाटा तुटतो. या दोन्हींत उंची विकत घेतली जाते ती ताकद विकून.

त्यापेक्षा बरा मार्ग असा, की पाटे तेच ठेवायचे आणि फक्त त्यांची जागा बदलायची. पाटे फ्रेमला जिथे टांगलेले असतात ते टेकू आणि मागची लोंबती कडी बदलली की ट्रक दोन-तीन इंच खाली येतो. ज्या ट्रकमध्ये एक्सल पाट्यांच्या खाली असतो, तिथे एक्सल उचलून पाट्यांच्या वर बसवता येतो. याला फ्लिप म्हणतात. यात ट्रक पाच-सहा इंच खाली येतो आणि पाट्यांचा ताठपणा जिथल्या तिथे राहतो. ऐकायला हे जादूसारखं वाटतं. सगळं मिळालं आणि काही गेलं नाही.

जाते ती जागा. एक्सल आता फ्रेमच्या पोटाला लागायला आला. रस्त्यावरच्या उंचवट्यावर चाक वर उसळतं तेव्हा त्याला जायला वाव हवा, तो संपला. म्हणून मग फ्रेमलाच खालून अर्धचंद्राच्या आकाराची खाच पाडतात, इंग्रजी सी अक्षरासारखी, म्हणून तिचं नाव सी-नॉच. एक्सलला वर जायला पुन्हा दोनेक इंच मिळतात. पण तुळईचं साधं शास्त्र सांगतं की वाकताना सगळ्यात जास्त ताण तिच्या वरच्या आणि खालच्या कडेवर येतो, आणि आपण नेमकी खालची कड कापलेली असते. तेव्हा खाचेभोवती जाड पोलादी पट्टी घट्ट बोल्टने किंवा वेल्डिंगने बसवावी लागते आणि कापलेलं सगळं परत द्यावं लागतं. चांगला कारागीर खाच पाडण्यापेक्षा ती पट्टी बसवण्यात जास्त वेळ घालवतो. ते काम हौद्याच्या खाली झाकलेलं असतं. रविवारच्या गर्दीला ते कधीच दिसत नाही.

एवढ्यावर भागत नाही. एक्सल हलला की प्रोपेलर शाफ्टचा कोन बदलतो, तो पाचरी घालून दुरुस्त करावा लागतो, नाहीतर गाडी थरथरते. शॉकॲब्सॉर्बर आखूड लागतात. मागचा हिच जमिनीकडे गेला म्हणून ट्रेलरचं नाक खाली झुकतं. दोन एक्सलचा ट्रेलर असेल तर त्याच्या पुढच्या एक्सलवर जास्त वजन पडतं, मागचा हलका होतो. मग हिचच्या गोळ्याची दांडी उलटी लावून गोळा वर आणायचा. म्हणजे ट्रक खाली केला म्हणून जोड वर केला. बाजूने पाहिलं तर हे थोडं विनोदी दिसतं.

आता जरा हिशेब करू. आकडे उदाहरणादाखल घेतलेत, पण मोठ्या पिकअपच्या जवळपासचे आहेत. ट्रेलर भरून २००० किलोचा आहे. चांगल्या जोडणीत त्याच्या वजनाचा दहा ते पंधरा टक्के भाग हिचवर यायला हवा, बारा टक्के धरू, म्हणजे २४० किलो. हा भार मागच्या एक्सलवर थेट पडत नाही, त्याच्या मागे साधारण चार फुटांवर पडतो. पुढच्या आणि मागच्या चाकांमध्ये बारा फूट अंतर असेल तर तरफेच्या नियमाने पुढची चाकं ८० किलोंनी हलकी होतात आणि मागच्यांवर ३२० किलो येतात. दोन्ही बाजूंचे पाटे मिळून दर ९० किलोंना एक सेंटिमीटर दबत असतील तर मागचा भाग साडेतीन सेंटिमीटर बसला. मागच्या सीटवर दोन माणसं आणि हौद्यात हत्यारांची पेटी आली, अजून दीड सेंटिमीटर. आता फ्लिप केल्यावर एक्सल आणि रबरी ठोकळ्यात पाचच सेंटिमीटर उरले असतील तर ट्रक निघायच्या आधीच जागा संपली. पहिल्या खड्ड्यात एक्सल ठोकळ्यावर आदळतो. त्या क्षणापुरती गाडीला स्प्रिंगच नसते. वळणावर असं झालं तर मागची चाकं रस्त्यावरची पकड सोडू शकतात, आणि पुढची तर आधीच हलकी झालेली असतात.

ज्यांनी उसाच्या हंगामात कोल्हापूर-सांगलीकडे ट्रॅक्टरच्या मागे दोन-दोन ट्रॉल्या पाहिल्यात, त्यांना हे गणित करून दाखवायची गरज नाही. चढाला ट्रॅक्टरची पुढची चाकं हवेत उचलली जातात ती याच तरफेमुळे. त्याआधीच्या पिढ्यांकडे तर यासाठी शब्दच होता. बैलगाडीत माल मागे जास्त झाला की गाडी उलाळ होते, जू बैलांच्या मानेवरून वर उचललं जातं. पुढे जास्त झाला तर सगळा भार मानेवर. माल लावणारा माणूस जुवावर नेमका थोडाच भार राहील असं बघायचा. अमेरिकी हँडबुकातले दहा ते पंधरा टक्के म्हणजे तीच नजर आहे, आकड्यात मांडलेली.

कायद्याचं म्हणाल तर आपल्याकडे अशी गाडी करणं मुळातच अवघड आहे. १९८८च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ नोंदणीतल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करू देत नाही. तरी आपले पिकअपवाले उलट्या दिशेने बदल करतातच. एक पाटा वाढवतात आणि मग वाढवलेल्या पाट्याच्या भरवशावर दुप्पट माल भरतात. तिथे कुणी सौंदर्यासाठी ताकद कमी करतो, इथे कुणी भाड्यासाठी ताकदीचा आभास वाढवतो. दोन्हीकडे ब्रेक मात्र तेच राहतात.

आणि इथूनच खरी नैतिक अडचण सुरू होते, कारण एक उपाय फार सोपा आहे. एक्सल आणि फ्रेमच्या मध्ये रबरी हवेच्या पिशव्या बसवायच्या. ट्रेलर जोडला की पिशव्यांत हवा भरायची, दबलेला मागचा भाग वर येतो. ट्रेलर सोडला की हवा काढायची, ट्रक पुन्हा खाली. अगीरेच्या पंपाचंच हे सभ्य रूप आहे, आणि खरोखर चांगलं काम करतं. वर ज्या पाच सेंटिमीटरचं रडगाणं झालं ते या पिशव्यांनी बरंचसं मिटतं. आमच्या हट्टी गृहस्थाला दोन्हीपैकी दोन्ही मिळण्याचा मार्ग बहुधा हाच: पाटे तेच, खाच नीट मजबूत केलेली आणि मध्ये हवेच्या पिशव्या.

पण पिशव्या विकणाऱ्या कंपन्या स्वतःच आपल्या माहितीपत्रकात लिहितात की यामुळे गाडीची वजन वाहण्याची मर्यादा वाढत नाही. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर एक लेबल असतं, त्यावर गाडीचं एकूण कमाल वजन आणि प्रत्येक एक्सलचं कमाल वजन छापलेलं असतं. हा आकडा फक्त पाट्यांचा नाही. त्यात टायर, रिम, बेअरिंग, ब्रेक, फ्रेम सगळं धरलेलं असतं. पिशवी यातलं काहीच बदलत नाही, ती फक्त बसलेली गाडी उठवते.

दबणं हे पाट्याचं कामही असतं आणि बोलणंही. जुन्या ट्रकवर जास्त माल टाकला की तो बसायचा, आणि रस्त्याने जाणारा कुणीही सांगायचा, अरे मागून टेकलाय. ती चारचौघांत दिसणारी कबुली होती. हवेने सपाट केलेला ट्रक ही कबुली देत नाही. मर्यादेच्या आत असताना तो सरळ दिसतो आणि मर्यादेच्या चारशे किलो बाहेर असतानाही तितकाच सरळ दिसतो. मग मालकाने वजन मोजणं हा आता छंदाचा भाग राहत नाही. ज्याने चेहऱ्यावरून ताण दिसण्याची सोय काढून टाकली, त्याच्यावर ताण मोजण्याची जबाबदारी आली. सुंदर दिसण्याची ही किंमत मला रास्त वाटते, पण ती भरली पाहिजे.

कारण भरली नाही तर ती दुसरा भरतो. मागच्या काही वर्षांत अमेरिकेच्या दक्षिणेकडे एक वेगळी फॅशन आली, ‘कॅरोलायना स्क्वॉट’. पुढचा भाग खूप वर आणि मागचा खाली, ट्रक उकिडवा बसल्यासारखा. यात चालवणाऱ्याला बॉनेटच्या पुढचं जवळचं काही दिसत नाही आणि दिव्यांचे झोत समोरच्याच्या डोळ्यांत जातात. नॉर्थ कॅरोलायनाने २०२१मध्ये पुढचा मडगार्ड मागच्यापेक्षा चार इंच किंवा अधिक उंच ठेवायला बंदी केली, पुढे व्हर्जिनिया आणि साउथ कॅरोलायनानेही तसे कायदे केले. हा कायदा आणि लोरायडरवरचा जुना कायदा वरवर सारखेच दिसतात, पोरांच्या फॅशनवर म्हाताऱ्यांची बंदी. मला ते सारखे वाटत नाहीत. सावकाश जाणारी खाली बसलेली शेवरोले फार तर स्वतःचं पोट रस्त्यावर घासून घेते. उकिडवा ट्रक समोरून रस्ता ओलांडणाऱ्या मुलाला बघूच शकत नाही. माझ्या चवीचा भुर्दंड कुणाच्या अंगावर पडतो, एवढं विचारलं तरी बराच निकाल लागतो.

खाली केलेला पण ओढणारा ट्रक या दोघांच्या मधे येतो. रिकामा असताना तो कुणाचं काही बिघडवत नाही. उलट त्याचं वजन जमिनीजवळ असतं, वळणावर तो मूळ ट्रकपेक्षा स्थिर असतो. धोका आहे तो वर्षातल्या त्या वीस-पंचवीस दिवसांत, जेव्हा मागे दोन टन डोलत असतात आणि शेजारच्या लेनमधल्या कुटुंबाला या ट्रकच्या फ्रेमला खाच आहे हे माहीत नसतं. त्यांनी लेन निवडताना गृहीत धरलेलं असतं की जो ओढतोय त्याला ओढता येतं. हिच लावलेला ट्रक म्हणजे पाठीमागे लिहिलेलं एक वचनच असतं. शोच्या ट्रकवर ते नसतं म्हणून तो निर्दोष आहे.

‘मग करूच नका ना, कारखान्याने दिलाय तसा वापरा’, असं म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. आता अमेरिकेत पिकअप जे काही झालेत ते बघा. दर पिढीत उंच, जड, दिवाणखान्यासारखे. जाहिरातीत आकडा असतो पाच टन ओढण्याचा. तो आकडा खोटा नसतो. त्यासाठी एसएई या अभियंत्यांच्या संस्थेचं जे२८०७ नावाचं मानक आहे, त्यात एरिझोनातल्या डेव्हिस डॅमचा लांबलचक चढ एसी पूर्ण चालू ठेवून ट्रेलरसकट चढावा लागतो. पण घेणाऱ्यांतल्या पुष्कळांच्या मागे आयुष्यभर कधी ट्रेलर लागत नाही. कधी न येणाऱ्या पाच टनांसाठी ते रोज ऑफिसला जाताना पेट्रोल जाळतात आणि इतक्या उंच बॉनेटमागे बसतात की समोरून चालणारं लहान मूल त्यांनाही नीट दिसत नाही. राखीव ताकदीचाही भुर्दंड दुसऱ्यावर पडतो, एवढंच की त्याला शहाणपण म्हणायची पद्धत आहे.

हे आपल्या ओळखीचं आहे. पंचविशीत असतानाच पुढची तीस वर्षं वाहायची ओझी मोजून त्या मापाने उभं राहायला आपल्याला शिकवलेलं असतं. घराचा हप्ता, आईवडिलांचं आजारपण, न झालेल्या मुलांच्या फिया. त्यातलं काही नक्की येणार आहे, म्हणून हा सल्ला मूर्खपणाचा नाही. पण सगळीच उंची उद्यासाठी राखली की माणूस आज कायम ओणवा दिसतो. याच्या उलट टोकाला ‘आज काय ते बघू’वाले आहेत, पाटे काढून टाकलेले. उद्या ओझं आलंच तर ते भावाने, बहिणीने उचलायचं असं त्यांनी न बोलता ठरवलेलं असतं.

ज्याच्याकडे पिकअप असतो त्याला अमेरिकेत मित्र घर बदलताना फोन करतात. हा तिथला जुना विनोद आहे, ट्रकवाल्याचे शनिवार त्याचे नसतात. ताकद असणं म्हणजे मागितलं जाण्याच्या अंतरावर राहणं. ट्रक पार जमिनीला टेकवून टाकणं हा त्या फोनमधून सुटण्याचा एक राजरोस मार्ग आहे, अरे, माझ्या गाडीत नाही जमणार रे. खाली तर करायचाय पण ओढायचाही आहे म्हणणारा हा मार्ग घेत नाही. तो म्हणतोय की मला हवं तसं मी उभा राहीन, पण फोन आला तर येईन. मला त्याच्याबद्दल आदर वाटतो तो इथे. गॅरेजवाल्याचं ‘दोन्हीपैकी एक’ हे यांत्रिकीपेक्षा आळसातून आलेलं उत्तर होतं. दोन्ही मिळतं, पण आधी एका प्रश्नाचं प्रामाणिक उत्तर द्यावं लागतं: तुला नक्की किती ओढायचंय? ‘गरज पडली तर सगळं’ हे उत्तर चालत नाही. बोट दीड टनाची आहे का दोन? वर्षातून किती वेळा, घाटातून की सपाटीवर, बरोबर किती माणसं? एवढं सांगितलं की किती खाली जाता येईल ते फूटपट्टीने ठरवता येतं. कुणाचं तीन इंचांवर भागेल, कुणाला सहा परवडतील. तीन परवडत असताना सहा घेणाऱ्याने मात्र हिचचा गोळा काढून घरात ठेवावा.

काम संपल्यावर करायची गोष्ट साधी आहे. बोट खऱ्या सामानासकट भरायची, बर्फाची पेटी, पेट्रोल, सगळं. ट्रकमध्ये जी माणसं खरोखर जाणार तीच बसवायची. हवा भरून ट्रक सपाट करायचा आणि महामार्गावरच्या ट्रकथांब्याला असतो तसल्या वजनकाट्यावर न्यायचा. तिथे तीन वेगळे पाट असतात, पुढची चाकं एकावर, मागची दुसऱ्यावर, ट्रेलर तिसऱ्यावर. मग छापील चिठ्ठी मिळते, तिच्यावर तीन आकडे आणि एक बेरीज. ती घेऊन ड्रायव्हरचं दार उघडायचं आणि चौकटीवरच्या लेबलशेजारी धरायची. मागच्या एक्सलचा आकडा लेबलापेक्षा जास्त आला, तर मागे बसलेल्या मेव्हण्याला सांगायचं की तू आपल्या गाडीने ये.